किल्ली घेतलीत ना?

ज्या बाईला कड्यावरून ढकलण्याच्या नवनव्या युक्त्यांच्या चित्रफिती लोक एकमेकांना आवडीने पाठवत होते, ती बाई प्राध्यापकांनी आपल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून, अत्यंत प्रेमाने लिहिली होती. हे आधीच सांगून ठेवलेले बरे. पुढे जे घडले त्यात प्रेम नेमके कुठे होते, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडण्याचा संभव आहे. प्राध्यापकांना तर तो उठता-बसता पडत होता.

बाई अर्थात हाडामांसाची नव्हती. ती एका व्हिडिओ गेममधली होती. डोंगरापलीकडचा विझलेला दीपस्तंभ पुन्हा पेटवायला एक वाटसरू निघतो, आणि ही त्याची सोबतीण त्याच्या मागोमाग चालते, एवढीच त्या खेळाची कथा. वाटसरू म्हणजे आपण, बटणे दाबणारे. सोबतीण म्हणजे ती, बोलणारी.

तिचे बोलणे लिहिण्याचे काम घेऊन आला तो प्राध्यापकांचा माजी विद्यार्थी. हा गृहस्थ वर्गात शेवटच्या बाकावर सर्रास झोपत असे, आणि त्यामुळेच बहुधा ताजातवाना राहून पुढे गेम बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर पोचला होता.

"सर, आमच्याकडे सगळं आहे," तो म्हणाला. "डोंगर आहेत, संगीत आहे, राक्षस तर इतके आहेत की ठेवायला जागा नाही. पण ती सोबतीण तोंड उघडते आणि खोटी वाटते. तुम्ही वर्गात सांगायचात ना, माणसं घरात जशी बोलतात तसं लिहा म्हणून?"

"तू जागा होतास तेव्हा?"

"तेवढ्यापुरता, सर."

प्राध्यापकांना गहिवरून आले. नाटकातील संवाद हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. दुसऱ्यांनी लिहिलेले संवाद कुठे आणि का फसले, हे त्यांनी आयुष्यभर पिढ्यान्‌पिढ्यांना समजावून सांगितले होते. मात्र 'तुम्ही एखादा लिहून दाखवा' असे त्यांना कोणी कधी म्हटले नव्हते. म्हणजे एका वात्रट मुलीने एकदा म्हटले होते, पण ती गोष्ट वेगळी.

त्या संध्याकाळी ते टेबलाशी बसले आणि लिहू लागले. शोधायला लांब जावे लागले नाही. त्यांची पत्नी घरात इकडून तिकडे जात-येत होती आणि वास्तववाद तिच्या तोंडून आपण होऊन गळत होता. "अहो, अंधारात काय बसलात, डोळे जातील." हे वाक्य त्यांनी टिपले. दिवा लागला. "किती वेळ एका जागी बसाल? पाय आखडतील." हेही टिपले. सकाळी ते बाहेर पडताना ती नेहमीप्रमाणे दारापर्यंत आली आणि म्हणाली, "किल्ली घेतलीत ना?"

या वाक्याला त्या घरात इतिहास होता. त्यांच्या दाराला ओढताक्षणी आपोआप बंद होणारे कुलूप होते, आणि किल्ली आत राहिली की माणूस बाहेर राहत असे. म्हणून लग्नानंतर हे घर घेतल्यापासून ते वाक्य एकही दिवस चुकले नव्हते. प्राध्यापक जिन्यातच थांबले, आणि उभ्याउभ्या त्यांनी ते वाक्य मनात कोरून घेतले. एवढ्याशा प्रश्नात केवढा संसार मावला आहे, असे त्यांना वाटले. वाटले ते खरेच होते. चूक पुढे झाली.

पत्नीने लिहिलेले वाचले आणि ती संशयाने म्हणाली, "अहो, हे तर मी बोलते तेच आहे."

"म्हणून तर ते उत्तम आहे."

"यात लिहिण्यासारखं काय आहे पण?"

"ते तुला नाही कळायचं," प्राध्यापक मायेने म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडले.

विद्यार्थ्याने मात्र डोके खाजवले. "सर, सुंदर आहे. पण लोक हा खेळ तासन्‌तास खेळतात. एकेका प्रसंगाला आम्हाला ढीगभर वेगवेगळी वाक्यं लागतात. तुम्ही एकेकच दिलंय."

"माणूस आयुष्यभर मोजकीच वाक्यं बोलतो," प्राध्यापक म्हणाले. आवाज वर्गातला होता. "पुनरुक्ती हा दोष नव्हे. पुनरुक्ती म्हणजेच व्यक्तिमत्त्व. माझ्या घरी एका प्रसंगाला एकच वाक्य असतं, आणि आमचा संसार उत्तम चाललाय."

विद्यार्थी गप्प बसला. सरांचे तास झोपून काढल्याची जी एक अपराधी भावना त्याच्या मनात होती, तिने ऐन वेळी दगा दिला. नाहीतर त्याने सांगितले असते की रंगमंचावर वाक्य एकदा उच्चारले जाते, पडदा पडतो, आणि प्रेक्षक ते वाक्य घेऊन घरी जातो. इथे पडदाच नाही. वाटसरू ज्या ज्या दारातून जाईल त्या त्या दारात, मग ते राजवाड्याचे असो वा गुहेचे, सोबतीण विचारणार, "किल्ली घेतलीत ना?" तो थांबला की, "पाय आखडतील." राक्षसाशी झुंजू लागला की, "जरा जपून, कपडे फाटतील." कुठून पडला की, "लागलं नाही ना?" आणि राक्षसाने त्याला खाल्ले की काळ्या पडद्यावर, शांतपणे, "मी सांगत होते."

आता आवाजाचा प्रश्न आला. कंपनीने बोलावलेली अभिनेत्री "किल्ली घेतलीत ना?" हे वाक्य अशा काही कंपित स्वरात म्हणाली, की जणू किल्ली समुद्रात बुडाली असावी आणि तिच्यासोबत बरेच नातेवाईकही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानावरचे यंत्र काढून ठेवले आणि तो म्हणाला, "घरातल्यासारखं येत नाही." तेव्हा प्राध्यापकांनीच सुचवले. पत्नी आढेवेढे घेत, ठेवणीतले कपडे घालून, स्टुडिओत गेली. काचेच्या खोलीत उभी राहून तिने सगळी वाक्ये एका दमात म्हटली आणि बाहेर येऊन त्या ध्वनिमुद्रकाला विचारले, "जेवलात की नाही? चेहरा उतरलाय तुमचा." तो म्हणाला, "काकू, हेही घ्यायला हवं होतं."

परत येताना ती खिडकीबाहेर पाहत होती. तशीच पाहत म्हणाली, "माझा आवाज बरा आला का हो?" इतक्या वर्षांत तिने स्वतःविषयी विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न. प्राध्यापक म्हणाले, "लोक तुला डोक्यावर घेतील."

खेळ बाजारात आला आणि लोकांनी तिला दरीत फेकले.

प्राध्यापकांना ही वार्ता कॉलेजच्या शिक्षकांच्या खोलीत कळली. गणिताचे प्राध्यापक, जे कोणाशी फारसे बोलत नसत, आपण होऊन जवळ आले. "तुमची ती सोबतीण," ते म्हणाले, "काल मी पुलावरून ढकलली. राग मानू नका. माझा स्वभाव तसा नाही. पण एका झोपडीत शिरताना आणि बाहेर पडताना तिने मला किल्लीचं विचारलं. झोपडीला दारच नव्हतं हो."

"पुनरुक्तीतून व्यक्तिमत्त्व..." प्राध्यापकांनी सुरुवात केली.

"ते ठीक आहे. पण ती मरत का नाही?"

ती मरत नव्हती, कारण सोबतिणीला मारण्याची सोय खेळात नव्हती. ढकलले की ती खाली जाई आणि काही क्षणांनी कपडे झटकत पुन्हा वर चढून येई. आता, खेळाच्या यंत्रणेला कोणीतरी पडले एवढेच समजे. कोण पडले हे समजत नसे. त्यामुळे वर येताच ती ढकलणाऱ्यालाच विचारी, "लागलं नाही ना?"

यावर तर लोक वेडेच झाले. तिला ढकलण्याच्या, बुडवण्याच्या, राक्षसाच्या गुहेत कोंडण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. दीपस्तंभ पेटवण्याचे काम मागे पडले. "मी सांगत होते" हे वाक्य ऐकून एका माणसाने टीव्ही फोडला, असेही ऐकिवात आले. प्राध्यापकांनी ते प्रथम खोटे मानले. पण संध्याकाळी त्यांनी स्वतः खेळून पाहिले. राक्षसाने पहिल्याच वळणावर त्यांना खाल्ले, आणि आपल्याच पत्नीच्या आवाजात ते वाक्य लागोपाठ ऐकल्यावर त्यांची नजर नकळत टेबलावरच्या जड पेपरवेटकडे गेली. त्या क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली. लेखनाचीही वाटायला हवी होती, पण ती दुसऱ्या दिवशी वाटली.

पत्नीला यातले काही ठाऊक नव्हते. इमारतीतली मुले जिन्यात तिला पाहून ओरडत, "काकू, किल्ली घेतलीत ना?" आणि पळून जात. ती हसून म्हणे, "घेतली रे बाबांनो." वर येऊन ती नवऱ्याला कौतुकाने सांगे, "मुलांना पाठ झालंय हो!" प्राध्यापक वर्तमानपत्र तोंडापुढे धरत. वर्तमानपत्र उलटे आहे हेही ती सांगे.

प्राध्यापकांनी सल्ला घ्यायचा असे मनातही आणले नव्हते. पण सल्ला घेतल्याशिवाय मिळत नाही हा समज चुकीचा आहे. समोरच्या दारातले वकील जिन्यात अडवून म्हणाले, "अब्रूनुकसानीचा दावा ठोका."

"कोणावर?"

"ढकलणाऱ्यांवर."

"ते अगणित आहेत."

"मग तर केस भक्कम आहे," वकील म्हणाले. मग आवाज खाली आणून, "फक्त मला साक्षीला बोलवू नका. मीही एक-दोनदा ढकललीय."

आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, केवळ सद्‌हेतूने, नको तो उद्योग केला. त्या फोन हातात घेऊन वर आल्या. "अगं, तुला कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. आपलं माणूस म्हणून. हे बघ, काय चाललंय तुझ्या नावानं."

प्राध्यापक घरी आले तेव्हा दोघी सोफ्यावर बसल्या होत्या. फोनमध्ये वाटसरूने सोबतिणीला नदीत ढकलले. मागे कोणीतरी पोट धरून हसत होते. ती ओलीचिंब वर आली आणि प्राध्यापकांच्या पत्नीच्या आवाजात म्हणाली, "लागलं नाही ना?" पुन्हा ढकलले. पुन्हा आली. पुन्हा विचारले.

काकू म्हणाल्या, "मी निघते, गॅसवर दूध आहे," आणि गेल्या. त्यांच्याकडे दूध नेहमी योग्य वेळी गॅसवर असे.

"अगं, ती तू नव्हेस," प्राध्यापक म्हणाले. "ते एक पात्र आहे. लोकांचा राग पात्राच्या रचनेवर आहे."

पत्नी रडली नाही. रडली असती तर प्राध्यापकांना काहीतरी करता आले असते. निदान पाणी आणता आले असते. ती विचार करत होती.

"मी अंधाराचं बोलते तेव्हा दिवा लावते," ती म्हणाली. "पाय आखडतील म्हणते तेव्हा गरम पाण्याची पिशवी आणते. छत्री घ्या म्हणते ती छत्री हातात घेऊनच म्हणते. तुमची ती बाई रिकाम्या हातानं मागून चालते आणि नुसती बोलते. मीसुद्धा ढकललं असतं तिला."

नाट्यसंवादावर इतके नेमके भाष्य प्राध्यापकांच्या प्रबंधात कुठेही नव्हते. त्यांना ते त्या क्षणीही जाणवले, आणि असल्या वेळी आपल्याला हे जाणवावे याचे वाईटही वाटले.

"की तुम्हाला एवढंच ऐकू यायचं?" तिने विचारले. "नुसतं बोलणं?"

ती उठून आत गेली.

त्या दिवसापासून ती गप्प झाली. हे रुसणे नव्हते. रुसव्याला आवाज असतो, भांडी आपटतात, कपाटे लागतात. इथे सगळे सुरळीत होते. जेवण वेळेवर, कपडे इस्त्रीचे, कामापुरते बोलणेही होते: "फोन आहे." "पेपर आला." पण एकही सूचना नाही, एकही चौकशी नाही. प्राध्यापक अंधारात बसले तर ती येऊन दिवा लावी आणि निघून जाई. आता ती नुसते हातच वापरत होती.

प्राध्यापकांची दशा केविलवाणी झाली. ते चष्म्याशिवाय कॉलेजात गेले आणि टिपण दिसेना म्हणून एका नाटकाचा शेवट मनानेच सांगून आले; तो मूळ शेवटापेक्षा बरा होता, पण परीक्षेच्या दृष्टीने घातक. एकदा दोन पायांत दोन वेगळे बूट घालून ते प्राचार्यांच्या बैठकीला बसले. एकदा भर पावसात छत्रीशिवाय घरी आले, दारात मुद्दाम निथळत उभे राहिले आणि वाट पाहू लागले. "मी सांगत होते" हे शब्द ऐकण्यासाठी त्यांचे कान आतुर झाले होते. पत्नीने टॉवेल दिला. तोही कोरडा, गरम, घडी केलेला. काही बोलली नाही. अर्थात तिने या खेपेस काही सांगितलेही नव्हते.

मग त्यांनी निश्चय केला, की ती वाक्ये खेळातून काढून टाकायची.

कंपनीच्या इमारतीत विद्यार्थ्याने त्यांना कॉफी दिली. "सर, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? आकडे उत्तम आहेत. लोक तिला ढकलायलाच येतात."

"तिचं तोंड बंद कर."

"ते माझ्या हातात नाही, सर. संवाद विभागाकडे जा."

संवाद विभागात एक तरुणी होती. ती म्हणाली, वाक्य बदलणे आमच्याकडे, काढणे अनुभव विभागाकडे. अनुभव विभाग म्हणाला, वाक्य काढता येईल, पण आवाज ध्वनी विभागाच्या मालकीचा. ध्वनी विभागाने सहानुभूतीने ऐकून घेतले आणि विचारले, "कारण काय लिहू?" संगणकाच्या पडद्यावर कारणांचे पर्याय होते: आवाज तुटतो, आवाज मागेपुढे होतो, आवाज ऐकू येत नाही. 'माझी बायको माझ्याशी बोलत नाही' हा पर्याय नव्हता. प्राध्यापकांनी त्यातल्या त्यात जवळचा म्हणून शेवटचा निवडला. त्यावर तपासणी झाली, आवाज उत्तम ऐकू येतो असा निष्कर्ष निघाला, आणि तक्रार निकाली निघाली.

"सर, दुसरा उपाय आहे," विद्यार्थी म्हणाला. "नवी वाक्यं लिहून द्या. भरपूर. मी रातोरात बदलून घेतो."

प्राध्यापक पुन्हा टेबलाशी बसले. पत्नी इकडून तिकडे जात-येत होती. ते कान देऊन बसले. पंखा फिरत होता. नळ ठिबकत होता. वास्तववादाने तोंड मिटले होते. सोबतिणीने काय बोलावे हे त्यांना सुचेना, कारण बायको काय बोलली असती हे त्यांना आठवेना. जुनी वाक्ये सोडून तिचे आणखी काही आपण कधी ऐकलेच नव्हते की काय, ही शंका त्यांना प्रथमच आली. कागद कोराच राहिला. त्यांनी विद्यार्थ्याला फोन केला आणि ते जवळजवळ रडले. आयुष्यात प्रथमच त्यांचे वाक्य व्याकरणदृष्ट्या अपुरे राहिले. विद्यार्थी घाबरला. "बघतो, सर," म्हणाला. "वरपर्यंत जातो."

त्यानंतरच्या एका दुपारी प्राध्यापक कॉलेजातून लवकर परतले. दारापाशी येऊन त्यांनी खिशात हात घातला. एका खिशात खडू होता, दुसऱ्यात रुमाल. किल्ली सकाळपासून आत, खुंटीवर होती. त्यांनी घंटा वाजवली. कोणी दार उघडले नाही. दारामागची शांतता त्यांच्या परिचयाची होती, पण ही जरा निराळी वाटली. मग कळले, की आत खरोखरच कोणी नाही.

वकिलांनी आपले दार किलकिले केले. "कुलूप फोडायचं तर पंचनामा करून घ्या," ते म्हणाले आणि दार लावून घेतले.

थोड्या वेळाने जिन्यावर पावले वाजली. पत्नी भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. प्राध्यापकांनी तिच्याकडे आशेने पाहिले. तिने पिशवी खाली ठेवली, पर्स उघडली, चाचपली, उलटी केली. मग ती तशीच उभी राहिली.

"माझी पण आत आहे," ती म्हणाली.

"तुझी? तू तर कधी विसरत नाहीस."

"तुम्हाला विचारायचे ना," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा माझी आठवायची."

किल्लीवाल्याला फोन केला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी दार उघडत होता, येतो म्हणाला. ती पायरीवर बसली. प्राध्यापक उभेच राहिले. बसावे की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. खालून मुले धडधडत वर आली, दोघांना पाहून एकाने तोंड उघडले, दुसऱ्याने त्याचा सदरा ओढला, आणि सगळी मांजराच्या पावलांनी वर गेली.

एवढ्यात प्राध्यापकांचा फोन वाजला. जिन्यात प्रत्येक शब्द घुमत होता.

"सर, झालं काम!" विद्यार्थी ओरडत होता. "सकाळपासून तिचा आवाज पूर्ण बंद! एक शब्द बोलत नाही. नुसती मागून चालते. लोक खूश होतील असं वाटलं होतं."

"मग?"

"छोटी अडचण आलीय, सर. शेवटच्या मोठ्या दरवाजाला खरंच किल्ली लागते. आता कोणी आठवणच करत नाही ना, त्यामुळे सगळे किल्ली मागे विसरून येतायत. दीपस्तंभापर्यंत पोचतात आणि बाहेरच उभे. हजारो लोक, सर! शिव्या घालतायत. मी काय म्हणत होतो, वहिनींना विचाराल का, ते एवढं एक वाक्य जर परत..."

प्राध्यापकांनी फोन छातीशी धरला. पत्नीने सगळे ऐकले होते. तिने विचारायची वाट पाहिली नाही.

"राहू देत बाहेर," ती म्हणाली.

मग तिने भाजीची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि भिंतीकडे थोडी सरकली. पायरीवर एका माणसापुरती जागा झाली.